यंत्राकडून सिद्धता कशी काढून घ्यायची: पांझरेच्या फडावर मांडलेलं पहिलं उदाहरण

उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्यात माझ्याकडे काही मुलं येतात. कुणी बीएस्सीला गणित घेतलेलं असतं, कुणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतं. संगणक आपोआप सिद्धता करतो हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सॉफ्टवेअर कोणतं टाकायचं?" मी म्हणतो, आधी वही काढा. एक सिद्धता स्वतःच्या हाताने, एकही पायरी न गाळता करा, मग लॅपटॉप उघडा. प्रोव्हर, म्हणजे सिद्धता काढणारा प्रोग्राम, तुम्ही लिहिलेल्या वाक्यांवरून निष्कर्ष काढतो. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळायला काही मार्ग नाही. हा फरक हाताने केल्याशिवाय अंगात मुरत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. विषय फर्स्ट-ऑर्डर लॉजिकचा, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या विधेय तर्कशास्त्राचा. 'प्रत्येक', 'एखादा', 'आणि', 'किंवा', 'नाही', 'जर-तर' एवढ्या शब्दांत जे बोलता येतं ते सगळं यात मावतं. पद्धत मुख्यतः एकच घेणार आहे, रिझोल्यूशन. जे. ए. रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये ती मांडली. आजचे वेगवान प्रोव्हर तिच्यापुढे कितीतरी गेले आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचा पाया तोच आहे.

आधी वाक्यं

उदाहरणासाठी आपल्याकडची फड पद्धत घेऊ. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षं चालत आलेली ही पाणीवाटपाची रीत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि चाऱ्यांचं पाणी फडातल्या शेतांना. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील फडातच शेती करतात. त्यांना नियम विचारला तर म्हणाले, "फडमा समदासले पानी भेटस." सगळ्यांना पाणी मिळतं.

ऐकायला किती सरळ. पण 'समदा' म्हणजे कोण, शेतं की शेतकरी? पाणी मिळतं ते केव्हा, कालवा कोरडा असतानाही का? माणसाला हे विचारावं लागत नाही, तो समजून घेतो. यंत्रासाठी प्रत्येक गोष्ट उघड लिहावी लागते. मुलांनी अर्धा तास वाद घालून पाच वाक्यं काढली. प्रत्येक शेताला पाणी देणारी एक तरी चारी आहे. कालवा भरलेला असेल तर प्रत्येक चारी वाहते. वाहती चारी ज्या शेताला पाणी देते ते शेत भिजतं. कालवा भरलेला आहे. मळा हे एक शेत आहे. यावरून सिद्ध करायचं: मळा भिजतो.

आता ही वाक्यं चिन्हांत उतरवायची. त्यासाठी तीन प्रकारची नावं लागतात. 'मळा', 'कालवा' ही ठरावीक वस्तूंची नावं, म्हणजे अचलं. 'शेत', 'वाहते', 'देते' ही प्रेडिकेट, म्हणजे वस्तूंविषयीचं खरं-खोटं विधान. तिसरं फंक्शन: एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नेणारं नाव.

फंक्शन आणि प्रेडिकेट यांत नवखी मुलं हमखास गोंधळतात. मी त्यांना चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आठवायला सांगतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्या लेखात आहे. काळ १२०७ चा. चांगदेवाचे वडील लक्ष्मीधर, त्यांचे वडील भास्कर. 'वडील' हे फंक्शन चालतं, कारण प्रत्येकाला वडील एकच: वडील(वडील(चांगदेव)) = भास्कर. पण 'नातू' हे फंक्शन चालत नाही. आजोबांना नातू एक असेल, चार असतील, एकही नसेल. तिथे प्रेडिकेट हवं: नातू(चांगदेव, भास्कर). ज्याचं उत्तर नेहमी असतं आणि एकच असतं, तेवढंच फंक्शन.

चिन्हं थोडीच आहेत: ∀ म्हणजे 'प्रत्येक', ∃ म्हणजे 'एखादा', ∧ म्हणजे 'आणि', ∨ म्हणजे 'किंवा', ¬ म्हणजे 'नाही', आणि बाण → म्हणजे 'जर-तर'. आपली वाक्यं आता अशी होतात:

∀क्ष (शेत(क्ष) → ∃य (चारी(य) ∧ देते(य, क्ष)))
∀य (चारी(य) ∧ भरलेला(कालवा) → वाहते(य))
∀त ∀थ (वाहते(त) ∧ देते(त, थ) → भिजते(थ))
भरलेला(कालवा)
शेत(मळा)

एक सवय आत्ताच लावून घ्या: 'प्रत्येक'बरोबर बाण, 'एखादा'बरोबर 'आणि'. दरवर्षी कुणीतरी ∀क्ष (शेत(क्ष) ∧ भिजते(क्ष)) असं लिहितं आणि म्हणतं, "प्रत्येक शेत भिजतं." तसं नाही. त्याचा अर्थ जगातली प्रत्येक वस्तू शेत आहे आणि ती भिजते. मग बैलही शेत, बंधाराही शेत. उलट, ∃ च्या आत बाण लिहिला तर वाक्य इतकं ढिलं होतं की जगात शेत नसलेली एकही वस्तू असली की ते आपसूक खरं ठरतं.

मग नकार

जे सिद्ध करायचं आहे ते खोटं आहे असं धरायचं आणि गृहीतकांबरोबर त्याचा विरोध दाखवायचा. शाळेत √२ अपरिमेय आहे हे असंच दाखवलं होतं. इथे ¬भिजते(मळा) ही ओळ वाढवायची.

निष्कर्षात 'प्रत्येक' असेल तर नकार घेतल्यावर तो 'एखादा' होतो. 'प्रत्येक शेत भिजतं' हे सिद्ध करायचं असतं तर नकार झाला असता, 'न भिजणारं एखादं शेत आहे'. त्या शेताला एक नवं नाव द्यायचं, समजा 'अ', आणि शेत(अ), ¬भिजते(अ) अशा दोन ओळी लिहायच्या. गणितातलं 'समजा, असं एक शेत आहे' ते हेच. ते नाव कोरं करकरीत हवं, आधी कुठेही न वापरलेलं. 'मळा' हेच नाव परत वापरलंत तर सगळी सिद्धता वाया.

क्लॉज बनवणं

रिझोल्यूशनला एकच आकार कळतो: 'किंवा'ने जोडलेल्या साध्या विधानांची ओळ. त्या ओळीला क्लॉज म्हणतात. वाक्य त्या आकारात आणायला ठरलेली कृती आहे. बाण काढा, म्हणजे 'क → ख' चं '¬क ∨ ख' करा. नकार आत ढकलत न्या, वाटेत ∀ चा ∃ होतो आणि ∃ चा ∀. चलांना वेगवेगळी नावं द्या. ∃ काढा. उरलेले ∀ नुसते पुसून टाका, कारण क्लॉजमधलं प्रत्येक चल 'प्रत्येक'चंच मानायचं असतं. शेवटी 'आणि' बाहेर काढून तिथे ओळ तोडा.

यातला ∃ काढण्याचा भाग सावकाश समजून घ्या. या कृतीला नॉर्वेच्या थोराल्फ स्कोलेम यांचं नाव आहे. 'प्रत्येक शेताला एक चारी आहे' हे मराठी वाक्य दोन अर्थांचं आहे. एक अर्थ: ज्याची त्याची चारी, वेगळी असेल किंवा तीच असेल. दुसरा अर्थ: एकच चारी, ती सगळ्यांना पुरते. बोलताना आपण सुरावरून ओळखतो. चिन्हांत पहिला अर्थ ∀क्ष ∃य असा होतो आणि दुसरा ∃य ∀क्ष असा. पहिल्यात चारी कोणती हे शेतावर अवलंबून आहे, म्हणून तिला फंक्शनचं नाव द्यायचं: च(क्ष), क्ष या शेताची चारी. दुसऱ्यात ती कशावरच अवलंबून नाही, म्हणून तिला साधं नाव पुरतं: मुख्यचारी. नियम एवढाच की ∃ च्या बाहेर जितके ∀ उभे असतील, तितकी चलं त्या नव्या नावाच्या कंसात येतात. हे चुकलं तर प्रोव्हर अख्ख्या शिवारासाठी एकच चारी मानेल आणि भलतंच काही सिद्ध करून देईल. नवं वाक्य जुन्या वाक्याच्या तंतोतंत तोलाचं नसतं, हेही खरं. पण एकात विसंगती असेल तर दुसऱ्यातही असते, आणि आपण विसंगतीच शोधतो आहोत.

सगळं करून झाल्यावर वहीत हे सात क्लॉज येतात:

१. ¬शेत(क्ष) ∨ चारी(च(क्ष))
२. ¬शेत(क्ष) ∨ देते(च(क्ष), क्ष)
३. ¬चारी(य) ∨ ¬भरलेला(कालवा) ∨ वाहते(य)
४. ¬वाहते(त) ∨ ¬देते(त, थ) ∨ भिजते(थ)
५. भरलेला(कालवा)
६. शेत(मळा)
७. ¬भिजते(मळा)

पहिल्या वाक्यातल्या 'आणि'मुळे त्याचे दोन क्लॉज झाले, हे लक्षात आलं असेलच.

जुळवणी: युनिफिकेशन

रिझोल्यूशनचा नियम बोटावर सांगण्याइतका आहे. एका क्लॉजमध्ये एक विधान आहे, दुसऱ्यात त्याचाच नकार आहे. दोन्ही क्लॉज खरे असतील तर ती जोडी गाळून उरलेलं सगळं 'किंवा'ने जोडलेलं वाक्यही खरंच. अडचण अशी की विधानं क्वचितच अक्षरशः सारखी असतात. एकीकडे देते(त, मळा) असतं आणि दुसरीकडे देते(च(क्ष), क्ष). चलांच्या जागी काय घातलं म्हणजे दोन्ही एक होतील, ते शोधणं म्हणजे युनिफिकेशन.

डावीकडून उजवीकडे चालायचं. प्रेडिकेट एकच आहे, 'देते', ठीक. पहिल्या जागी त आणि च(क्ष): त हे चल आहे, त्याला च(क्ष) द्या, आणि दिलेली किंमत लगेच सगळीकडे भरा. दुसऱ्या जागी मळा आणि क्ष: क्ष ला मळा द्या, पुन्हा सगळीकडे भरा. आता त ची किंमत आपोआप च(मळा) झाली. दोन्ही विधानं देते(च(मळा), मळा) अशी एक झाली. दोन वेगळी अचलं समोरासमोर आली, मळा आणि कालवा अशी, तर जुळवणी होत नाही, सोडून द्यायचं.

आणखी एका ठिकाणी नकार द्यावा लागतो, आणि तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. रावेर-यावलकडे केळीची बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, बुंध्याशी पील फुटतं, त्याचंच पुढे झाड होतं. प्रत्येक झाडाला आईझाड आहे असं लिहू: आई(म(य), य), म्हणजे म(य) हे य चं आईझाड. आता विचारलं, स्वतःच स्वतःची आई असलेलं झाड आहे का? म्हणजे आई(क्ष, क्ष) शी जुळवायचं. क्ष ला म(य) दिलं, तर पुढे म(य) आणि य समोरासमोर येतात. य ला म(य) द्यावं, तर त्यातच पुन्हा य आहे, आणि तो घोळ कधीच संपत नाही. चल स्वतःच्याच किमतीत येत असेल तर जुळवणी नाकारायची. ही तपासणी वेळ खाते, म्हणून प्रोलॉग या प्रोग्रामिंगच्या भाषेत ती सहसा बंद असते. तिथे हाच प्रश्न विचारला तर 'हो, असं झाड आहे' असं उत्तर येऊ शकतं. सिद्धता करणाऱ्या प्रोव्हरमध्ये ही तपासणी असायलाच हवी.

युनिफिकेशन एवढं महत्त्वाचं का? फ्रान्सच्या झाक एर्ब्रां यांनी १९३० च्या प्रबंधात दाखवलं होतं की चलांच्या जागी ठोस नावं घालत गेलं तर, विसंगती असल्यास, ती कधी ना कधी सापडतेच. एर्ब्रां पुढच्याच वर्षी आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना अवघ्या २३ व्या वर्षी गेले. १९६० च्या सुमाराचे प्रोग्राम त्यांच्याच वाटेने चालले: मळा घालून बघ, कालवा घालून बघ, च(मळा) घालून बघ, च(च(मळा)) घालून बघ. नावांची ही रांग अनंत आहे, आणि तेवढ्यात यंत्राचा दम निघायचा. रॉबिन्सन यांनी ते उलटं केलं. आधी नावं भरायची नाहीत. जुळवणीला लागेल तेवढीच किंमत, लागेल तेव्हाच द्यायची. एवढ्या एका विचाराने हे क्षेत्र उभं राहिलं, असं म्हणण्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

आता हाताने

वही पुढे ओढा आणि नकारापासून, म्हणजे ७ पासून, सुरुवात करा.

८. ७ आणि ४ वरून, थ ला मळा देऊन: ¬वाहते(त) ∨ ¬देते(त, मळा)
९. ८ आणि २ वरून, वर पाहिलेल्या जुळवणीने: ¬वाहते(च(मळा)) ∨ ¬शेत(मळा)
१०. ९ आणि ६ वरून: ¬वाहते(च(मळा))
११. १० आणि ३ वरून, य ला च(मळा) देऊन: ¬चारी(च(मळा)) ∨ ¬भरलेला(कालवा)
१२. ११ आणि ५ वरून: ¬चारी(च(मळा))
१३. १२ आणि १ वरून: ¬शेत(मळा)
१४. १३ आणि ६ वरून: □

ती शेवटची चौकट म्हणजे रिकामा क्लॉज. 'यांपैकी काहीतरी खरं आहे' असं म्हणायचं आणि यादीत काहीच नाही. तीच विसंगती. म्हणून मळा भिजतो.

आता ही सिद्धता मराठीत परत वाचा. मळा भिजत नाही असं धरू. मग मळ्याला पाणी देणारी कोणतीही चारी वाहत नसणार. पण मळ्याची चारी आहे, ती मळ्याला पाणी देते, म्हणून तीच वाहत नसणार. कालवा भरलेला असताना न वाहणारी ती चारीच नव्हे. पण शेताची चारी ही चारीच असते. विरोध. प्रत्येक सिद्धता अशी परत बोलून बघायचा माझा आग्रह असतो. बोलता आली नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे.

एक बारकी गोष्ट. फक्त जोड्या गाळून दरवेळी भागत नाही. प(क्ष) ∨ प(य) आणि ¬प(त) ∨ ¬प(थ) हे दोन क्लॉज घ्या. उघड विसंगती आहे, पण एकेक जोडी गाळत गेलात तर दरवेळी दोन विधानांचाच क्लॉज हाती येतो, रिकामा कधीच येत नाही. आधी एकाच क्लॉजमधली दोन विधानं आपसांत जुळवून प(क्ष) असं एकच करावं लागतं. याला फॅक्टरिंग म्हणतात. रॉबिन्सन यांच्या मूळ नियमात ते अंगभूतच होतं, नवखे लोक प्रोग्राम लिहिताना ते विसरतात.

शोध आवरणं

सात क्लॉजचं उदाहरण वहीत मावतं. पन्नास गृहीतकं असतील तर यंत्रसुद्धा बुडतं, कारण कशालाही काहीही जुळतं आणि क्लॉजचा ढीग वाढत जातो.

पुन्हा केळीच्या बागेत चला. झाड रोगट असेल तर त्याचं पीलही रोगट, असा नियम धरू: ¬रोगट(क्ष) ∨ रोगट(पील(क्ष)). आणि एक झाड रोगट आहे: रोगट(झाड). आता विचारा, शेजारचं झाड रोगट आहे का? म्हणजे ¬रोगट(शेजारी) जोडा. गृहीतकांकडून निघालात तर रोगट(पील(झाड)), मग रोगट(पील(पील(झाड))), मग त्याच्याही पिलाचं पील. रात्रभर यंत्र चालू ठेवा, थांबणार नाही. नकाराकडून निघालात तर रोगट(शेजारी) हे रोगट(झाड) शी जुळत नाही, रोगट(पील(क्ष)) शीही जुळत नाही. काम पहिल्याच क्षणी संपलं: सिद्ध होत नाही. क्लॉज तेच, नियम तोच, सुरुवात मात्र वेगळी.

लॅरी वॉस आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच ही युक्ती मांडली. तिचं नाव सेट ऑफ सपोर्ट. गृहीतकं आपसांत जुळवायची नाहीत, प्रत्येक पायरीत नकाराचा वंश कुठेतरी हवा. गृहीतकं आपसांत सुसंगत असतील तर यात काही हरवत नाही.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात सांगतो. प्रोव्हर क्लॉजचे दोन ढीग ठेवतो, हाताळलेले आणि वाट बघणारे. वाट बघणाऱ्यांतून एक उचलायचा, हाताळलेल्या सगळ्यांशी जुळवायचा, नवे निघतील ते वाट बघणाऱ्यांत टाकायचे. उचलायचा कोणता? सहसा छोटा, पण अधूनमधून सगळ्यात जुना. नाहीतर एखादा लांबलचक पण गरजेचा क्लॉज जन्मभर रांगेतच उभा राहील. आणि वाहते(क्ष) हाती असेल तर वाहते(च(मळा)) ∨ भिजते(कालवा) असले क्लॉज ठेवायचे नाहीत. व्यापक क्लॉज असताना त्याच्या पोटातला जपून काय करायचं?

बरोबरीच्या चिन्हाला मात्र वेगळी वागणूक लागते. फडात एका हंगामात एकच पीक घेतात. म्हणून असं लिहू: पीक(क्ष) = ठरलेलं(फड(क्ष)). मळा आणि वावर एकाच फडात: फड(मळा) = फड(वावर). मळ्यात ऊस: पीक(मळा) = ऊस. वावरातही ऊसच, हे सिद्ध करायचं. बरोबरी दोन्ही बाजूंनी वापरायची मुभा दिली तर यंत्र त्याच दोन गोष्टी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत बसतं. म्हणून दिशा ठरवायची. पीक(क्ष) दिसलं की ठरलेलं(फड(क्ष)) लिहा, फड(मळा) दिसलं की फड(वावर) लिहा, उलट कधीच नाही. मग पीक(मळा) = ऊस याचं ठरलेलं(फड(वावर)) = ऊस झालं, आणि पीक(वावर) ≠ ऊस या नकाराचं ठरलेलं(फड(वावर)) ≠ ऊस. विरोध समोर उभा. क्नूथ आणि बेंडिक्स यांनी १९७० मध्ये दिशेचा हा विचार पक्का केला, आणि १९९० च्या दशकात बाखमाइर आणि गान्झिंगर यांनी तो रिझोल्यूशनमध्ये मुरवला. आजच्या मोठ्या प्रोव्हरांचं इंजिन ते आहे.

बरोबरीची ताकद केवढी, ते १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेत विल्यम मॅक्यून यांच्या ईक्यूपी या प्रोग्रामने रॉबिन्स अनुमान सिद्ध केलं. बूलियन बीजगणितातला १९३० च्या दशकापासूनचा हा प्रश्न, भल्याभल्यांनी हात टेकलेला. यंत्र सुमारे आठ दिवस चाललं.

टॅब्लो नावाची आणखी एक वाट आहे. त्यात क्लॉज करत नाहीत, नकारापासून फांद्या फोडत जातात आणि प्रत्येक फांदीवर विरोध आला की ती बंद करतात. हाताने करायला ती सुरेख आहे. वर्गात वेळ असेल तर मी तीही दाखवतो, पण मोठ्या प्रश्नांवर चालवायचं तर आधी रिझोल्यूशनच पक्कं करा.

लॅपटॉप उघडा

प्रोव्हर९ पासून सुरुवात करा. तो मॅक्यून यांचाच, फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतो. उबुंटूवर नेहमीच्या पॅकेजांत मिळतो. सवय झाली की ई आणि व्हॅम्पायर घ्या, ते कितीतरी जोरकस आहेत. टीपीटीपी या प्रश्नसंग्रहाच्या जागेवर ब्राउझरमधूनच वेगवेगळे प्रोव्हर चालवून बघता येतात, म्हणजे इन्स्टॉल करणं जमलं नाही तरी अडत नाही.

क्लॉज तुम्हाला करावे लागत नाहीत, बाण आणि 'ऑल', 'एक्झिस्ट्स' लिहिलेली वाक्यं प्रोव्हर९ स्वतः फोडतो. प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम हवा. गृहीतकं एका यादीत, निष्कर्ष 'गोल्स'च्या यादीत. निष्कर्षाचा नकार तो स्वतः घेतो. तुम्हीही नकार लिहून दिलात तर दोन नकार होतील आणि भलतंच विचारलं जाईल.

माझी एक चूक सांगतो, तुमचे दोन दिवस वाचतील. नावं रोमन अक्षरांत लिहावी लागतात, म्हणून मी गावांची नावं तशीच लिहिली होती. यावलला पाऊस झाला, हे एक गृहीतक. प्रश्न होता नंदुरबारविषयी, आणि तिथल्या पावसाबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. तरी प्रोव्हरने 'नंदुरबारला पाऊस झाला' हे क्षणात सिद्ध करून दिलं. मी नियम तपासत बसलो, नियमांत काही खोट सापडेना. दुसऱ्या दिवशी सिद्धतेची ओळ न् ओळ वाचली तेव्हा उजेड पडला. प्रोव्हर९ मध्ये यू पासून झेड पर्यंतच्या लहान रोमन अक्षरांनी सुरू होणारं नाव चल मानलं जातं. यावलचं पहिलं अक्षर वाय! म्हणजे मी लिहिलं होतं, 'प्रत्येक ठिकाणी पाऊस झाला.' वावर, विहीर, वडील, यावल ही सगळी नावं त्याच सापळ्यातली. अशा नावांच्या आधी एखादं अक्षर जोडा. टीपीटीपीच्या लेखनात नियम वेगळा आहे: कॅपिटल अक्षराने सुरू होणारं ते चल. गावाचं नाव म्हणून कौतुकाने कॅपिटल लिहिलंत की पुन्हा तोच घोटाळा.

म्हणून यंत्राने 'सिद्ध झालं' म्हटलं तरी सिद्धता वाचा, आणि कोणती गृहीतकं वापरली गेली ते बघा. निष्कर्षाशी संबंध नसलेलं गृहीतक दिसलं, किंवा असायलाच हवं ते दिसलं नाही, तर थांबा. गृहीतकंच आपसांत विसंगत असतील तर काहीही सिद्ध होतं. तपासायचा सोपा उपाय म्हणजे निष्कर्षाच्या जागी मुद्दाम खोटी गोष्ट घालून चालवा. तीही सिद्ध झाली तर पाया पोकळ आहे.

थांबतच नसेल तर

हे होणार, आणि यात तुमचा दोष असेलच असं नाही. निष्कर्ष खरोखर निघत असेल तर चांगली पद्धत, वेळ आणि मेमरी पुरली तर, सिद्धता शोधतेच. त्यामागे गोडेल यांचं १९२९ च्या प्रबंधातलं पूर्णतेचं प्रमेय आहे. पण निष्कर्ष निघत नसेल तर यंत्र कधी थांबेल याची खात्री कोणताही प्रोग्राम देऊ शकत नाही. चर्च आणि ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये ते दाखवून दिलं. तासभर गप्प चाललेला प्रोव्हर सिद्धतेच्या जवळ आहे की कधीच पोचणार नाही, हे बाहेरून कळत नाही.

अशा वेळी नुसती वाट बघू नका. प्रोव्हर९ बरोबरच मेस४ येतो. तो उलटं काम करतो: गृहीतकं खरी आणि निष्कर्ष खोटा असेल असं छोटं जग शोधतो. दोन खिडक्या उघडून दोघंही एकाच वेळी चालवा.

गेल्या उन्हाळ्यात फडाचं हेच उदाहरण एका मुलीने टाकलं आणि प्रोव्हर९ ने हात वर केले. क्लॉज बरोबर, स्कोलेमचं फंक्शन बरोबर, तिने वही दोनदा तपासली. मेस४ चालवला तर पापणी लवायच्या आत त्याने दोन वस्तूंचं जग पुढे ठेवलं, ० आणि १. मळा म्हणजे ०. कालवा भरलेला. आणि 'शेत' या प्रेडिकेटच्या तक्त्यात ० खाली शून्य, १ खाली शून्य. त्या जगात शेतच नव्हतं. ती तक्त्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सर, मळा हे शेत आहे, हे मी लिहिलंच नाही." तिने ती एक ओळ वाढवली, आणि प्रोव्हरने सिद्धता छापली.

पुढचा गृहपाठ तुम्हालाही तोच देतो, जो तिला दिला. 'वाहती चारी ज्या शेताला पाणी देते ते शेत भिजतं' या नियमात 'चारीचं तोंड उघडं असेल तर' ही अट घाला, दुसरं काहीही बदलू नका, आणि आधी मेस४ चालवा. जे जग तो दाखवेल त्यात कोणतं तोंड बंद आहे ते शोधा. मग ठरवा, ते उघडं ठेवायचं काम फडात कुणाचं असतं आणि ते कोणत्या वाक्याने लिहायचं.